समुद्र घरात आणणारा माणूस

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण के.जी.पासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि रिक्षात हिंदी, अशी तीन भाषांत वाढलेली मी. त्यामुळे वार्षिकांकाच्या मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला. सगळ्यांना सुचतात ती नावं मलाही सुचली. पण त्यांच्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्याच वर्गात आहेत. म्हणून ज्या माणसामुळे माझ्या हातून होणारी एक मोठी चूक टळली, त्याच्यावर लिहायचं ठरवलं. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस. डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये जी माशांची काचेची पेटी असते, तिला आपण ॲक्वेरियम म्हणतो ना? हा शब्द या अर्थाने जगाच्या तोंडी बसवणारा तो हाच माणूस!

पण त्याच्याकडे जाण्याआधी थोडंसं आमच्या हॉलमध्ये या. यवतमाळपासून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. तरीही आमच्या हॉलमध्ये गेल्या वर्षापासून दोन फुटांची एक काचेची पेटी आहे आणि तिच्यात साठ लिटर खारं पाणी आहे. याचं मूळ सहावीच्या सहलीत आहे. तेव्हा आम्हाला मुंबईला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय. तिथे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश पाहिला आणि मी काचेला नाक लावून उभीच राहिले. बस सुटायची वेळ झाली तेव्हा टीचरनी हाताला धरून ओढत नेलं. तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस हे घरी आणायचं.

इंजिनिअरिंगला आल्यावर तो दिवस उगवला. आर.ओ.चं पाणी घेतलं आणि लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने दोन किलो शंभर ग्रॅम सागरी मीठ बादलीत ढवळलं. शेजारच्या काकूंना वाटलं, पोरगी लोणचं घालून राहिली! मग महिनाभर नुसत्या पाण्यात पंप चालू ठेवला. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पण रिकाम्या पाण्याला वीज कशाला जाळतेस, हा आईचा प्रश्न काही सुटला नाही. अखेर दोन क्लाउनफिश आले. आणि मे महिन्यातल्या एका रात्री वादळ झालं, लाइट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीतच आहे. पाणी तापलं, पंप बंद, पाण्यातला ऑक्सिजन संपला. सकाळी दोन्ही मासे तळाशी होते.

मी दोन दिवस नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, हरायचं नाही, आता डबल तयारी करायची. एका दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं की समुद्रातून काढलेला खऱ्या प्रवाळाचा जिवंत तुकडा तो कुरियरने पाठवेल. मी पैसेसुद्धा बाजूला काढून ठेवले होते. त्याच आठवड्यात, खारं पाणी पहिल्यांदा घरी कोणी बनवलं हे शोधताना, मला गॉस भेटले.

आता त्यांची गोष्ट.

फिलिपचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर गावी झाला. वडील थॉमस गॉस गावोगाव फिरून लोकांची छोटी छोटी चित्रं काढून देत. म्हणजे कमाईचा भरवसा नाही आणि घरी पत्ता नाही! फिलिप वाढला तो पूल नावाच्या बंदरात. (नदीवरचा पूल नव्हे, गावाचंच नाव पूल!) त्याला एक हुशार आत्या होती. सुरवंटाचं फुलपाखरू कसं होतं हे तिने त्याला दाखवलं. समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणारे फुलासारखे प्राणी, म्हणजे सी ॲनिमोनी, भांड्यात समुद्राचं पाणी घालून त्यात ठेवून बघ, असंही तिनेच सुचवलं. वडिलांकडून ब्रश मिळाला आणि आत्याकडून डोळे. पुढची सगळी कारकीर्द या दोन गोष्टींवर उभी राहिली.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली. पंधराव्या वर्षी तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झाला. १८२७ साली, सतराव्या वर्षी, त्याला जहाजात बसवून अटलांटिकच्या पलीकडे न्यूफाउंडलंडच्या कार्बोनियर बंदरात पाठवलं. मासळीचा व्यापार, हिशेबाच्या वह्या आणि हाडं गोठवणारी थंडी. आपल्याकडे त्या वयात पोरं बारावीचे क्लास बदलत असतात! १८३२ साली त्याच्या हातात सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक पडलं आणि त्याने किडे गोळा करून त्यांची चित्रं काढायला सुरुवात केली. शिकवायला कोणी नाही, कॉलेज नाही, डिग्री नाही. दिवसा हिशेब आणि रात्री किडे.

१८३५ साली तो कॅनडात कॉम्प्टनला गेला आणि शेती करून पाहिली. तीन वर्षांत शेती बुडाली. (यवतमाळच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.) पण त्या तीन वर्षांत शेतात जे जे उडालं, सरपटलं, फुललं, त्याची त्याने नोंद ठेवली होती. १८३८ मध्ये तो अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांचा मास्तर झाला. तिथली किड्या-फुलपाखरांची चित्रं फार सुंदर आहेत, पण गुलामांना मिळणारी वागणूक पाहून त्याचा जीव तिथे रमला नाही. १८३९ साली तो इंग्लंडला परतला. वय एकोणतीस, खिसा रिकामा. कॅनडातल्या त्या नोंदींचं पुस्तक मात्र १८४० साली छापलं गेलं. बुडालेल्या शेतीतून हे एकच पीक हाती आलं.

इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हरकत नाही. १८४४ च्या अखेरीस गॉस जमैकाला गेले आणि दीड वर्ष तिथले पक्षी अभ्यासले. सॅम्युएल कॅम्बेल नावाचा एक तरुण जमैकन मुलगा त्यांचा मदतनीस होता. १८४७ च्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाने त्यांचं नाव झालं. १८४८ मध्ये एमिली बोव्स यांच्याशी लग्न झालं. त्या स्वतः लेखिका होत्या. दोघंही अतिशय धार्मिक, ब्रदरेन नावाच्या कडक पंथातले. बायबलमधला शब्द न् शब्द खरा, अशी त्यांची श्रद्धा होती. २१ सप्टेंबर १८४९ ला मुलगा एडमंड जन्मला. त्या दिवशीच्या डायरीत गॉस यांनी मुलाच्या जन्माची आणि जमैकाहून आलेल्या एका पाकोळीची नोंद शेजारी शेजारी केली आहे. वाचून हसू येतं, पण या एका नोंदीत अख्खा माणूस दिसतो.

१८५२ साली कामाच्या ताणाने तब्येत ढासळली म्हणून ते कुटुंबाला घेऊन डेव्हन परगण्यातल्या समुद्रकाठी राहायला गेले. तिथे आत्याने दिलेलं वेड पुन्हा जागं झालं. ओहोटी लागली की खडकांमधल्या खळग्यांत पाणी साचून राहतं. त्या एकेका खळग्यात ॲनिमोनी, खेकडे, शेवाळ, छोटे प्रवाळ, म्हणजे एक अख्खं गावच! हो, इंग्लंडच्या गार पाण्यातही एकटे राहणारे छोटे प्रवाळ असतात. इल्फ्राकूमच्या खडकात सापडलेल्या अशा एका लाल-सोनेरी प्रवाळाचं पहिलं शास्त्रीय वर्णन गॉस यांचंच आहे. पण हे प्राणी घरी आणले की दोन दिवसांत पाणी नासायचं आणि सगळे मरायचे.

हा प्रश्न सोडवणारे गॉस एकटे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. सिसिलीत जान विल्प्रो-पॉवर या बाईंनी त्यांच्या वीस वर्षं आधी समुद्री जीव अभ्यासण्यासाठी काचेच्या पेट्या बनवल्या होत्या. लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीहून जिवंत प्रवाळ आणले आणि घरात जगवले. त्यांची मोलकरीण रोज खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची, कारण त्यामुळे हवा पाण्यात मिसळते. माझा पंप जे करतो ते ती बिचारी हाताने करत होती, आणि तिला लोडशेडिंग नव्हतं! रॉबर्ट वॉरिंग्टन या केमिस्टने गोड्या पाण्यात मासा, गोगलगाय आणि पाणवनस्पती यांचा मेळ जमवून दाखवला. प्राणी श्वासातून जे सोडतात ते वनस्पती वापरतात आणि उजेडात ऑक्सिजन परत देतात. गॉस यांनी हेच तत्त्व समुद्री शेवाळ वापरून खाऱ्या पाण्याला लावलं आणि त्यांचे ॲनिमोनी महिनोन् महिने जगले.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्याच्यासाठी गॉस समुद्रकाठाहून प्राणी गोळा करून रेल्वेने पाठवत. १८५४ मध्ये त्यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. त्यातली रंगीत चित्रं त्यांनी स्वतः काढलेली. त्याआधी अशा पेटीला कोणी व्हिव्हॅरियम म्हणत, कोणी आणखी काही. या पुस्तकानंतर एकच नाव उरलं.

आणि मला ज्याचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते काम त्याच वर्षीचं आहे. समुद्रापासून लांब राहणाऱ्याने काय करायचं? समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण उपलब्ध होतं. त्यावरून गॉस यांनी कृती ठरवली. आपल्या मापात सांगायचं तर साधारण साडेचार लिटर पाण्याला शंभर ग्रॅम साधं मीठ, सात ग्रॅम एप्सम सॉल्ट, तेरा ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड. फक्त चार पदार्थ! घाई केली नाही, आधी शेवाळ घातलं, ते रुजल्यावर प्राणी सोडले. जिवाणूंचं काम तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, पण पाण्याला वेळ द्यावा लागतो हे त्यांनी नुसत्या निरीक्षणाने ओळखलं. आज बाजारात मिळणाऱ्या सागरी मिठात आणखी बरेच घटक असतात, विशेषतः कॅल्शियम, कारण प्रवाळ आपला सांगाडा त्याच्याच कार्बोनेटचा बांधतात. तेच ते आपल्या वणी-राजूरच्या भट्ट्यांत भाजतात त्या चुनखडीतलं कॅल्शियम कार्बोनेट. त्या भागातली चुनखडी अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. म्हणजे समुद्र यवतमाळला पहिल्यांदा मी आणलेला नाही!

पुढे जे झालं त्याला आजच्या भाषेत व्हायरल होणं म्हणतात. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती, आगगाड्या समुद्रकाठापर्यंत पोहोचल्या होत्या. घराघरांतल्या दिवाणखान्यात ॲक्वेरियम आलं. १८५५ साली गॉस यांनी छोटी हस्तपुस्तिका काढली, समुद्रकाठी वर्ग घेतले. १८५६ मध्ये शाळा अर्धवट सुटलेला हा कारकून रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

आणि मग एकाच वर्षात सगळं कोसळलं. एमिलीबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. अतिशय वेदना देणारे उपचार झाले, पण फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या गेल्या. एडमंड सात वर्षांचा होता. त्याच वर्षी गॉस यांचं ‘ऑम्फॅलॉस’ हे पुस्तक आलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ बेंबी. खडक आणि जीवाश्म सांगत होते की पृथ्वी फार फार जुनी आहे. त्यांची श्रद्धा सांगत होती की ती सहा दिवसांत निर्माण झाली. त्यांनी तोड काढली की देवाने पृथ्वी जुनेपणाच्या खुणांसकटच घडवली, जसा आदम आईच्या पोटातून न येताही त्याला बेंबी असणार. त्यांना वाटलं, आता दोन्ही बाजू शांत होतील. झालं उलटंच. शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिक लोकही नाराज झाले, कारण देवाने खडकांत खोटं लिहून ठेवलं असा त्याचा अर्थ निघत होता. चार्ल्स किंग्जली यांच्यासारख्या पाद्री मित्रालाही ते पटलं नाही. दोनच वर्षांनी डार्विनचं पुस्तक आलं आणि जग पुढे निघून गेलं.

मला त्यांचा तो युक्तिवाद पटत नाही. पण पत्नी गेलेली, पुस्तक पडलेलं, अशा वेळी या माणसाने काय केलं ते बघा. मुलाला घेऊन ते टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्चला राहायला गेले आणि पुन्हा ओहोटीच्या खळग्यांत उतरले. थंडीत, कमरेइतक्या पाण्यात. बरोबर चिमुकला एडमंड. तिथून ब्रिटनच्या ॲनिमोनी आणि प्रवाळांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ तयार झाला, १८६० साली तो पूर्ण झाला. पृथ्वीच्या वयाबद्दल ते चुकले, पण डोळ्यांसमोरच्या ॲनिमोनीच्या वर्णनात त्यांनी कसूर केली नाही.

मात्र त्याच खळग्यांत त्यांना एक गोष्ट दिसायला लागली होती. गावं रिकामी होत होती! त्यांची पुस्तकं वाचून लोक हातोडी, छिन्नी आणि बरण्या घेऊन समुद्रकाठी येत. खडक फोडून प्राणी नेत. बहुतेक प्राणी लंडनच्या दिवाणखान्यात आठवड्याभरात मरत, की पुन्हा नवे आणायचे. काही वर्षांत फॅड ओसरलं, पेट्या माळ्यावर गेल्या, पण खळगे पहिल्यासारखे राहिले नाहीत. पुढे एडमंड मोठा लेखक झाला. १९०७ साली वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात त्याने या विध्वंसाबद्दल लिहिलं आहे. लहानपणी पाहिलेले ते भरलेले खळगे आता कोणालाच दिसणार नाहीत, आणि आपणच दाखवलेल्या वाटेने हे घडलं याचं वडिलांना फार दुःख होतं, असं तो सांगतो. बापलेकांचं धर्मावरून कधी पटलं नाही, पण हे दुःख त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं.

गॉस यांनी १८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरं लग्न केलं. उतारवयात ऑर्किड वाढवली, सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण दोन्ही सोडली नाहीत. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते गेले.

हे सगळं वाचून झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. दुकानदाराला सकाळी पैसे पाठवायचे होते. मी विचार केला, गॉस यांचं समुद्रावर प्रेम नव्हतं का? माझ्यापेक्षा हजारपट होतं. तरी ते प्रेम समुद्राच्या अंगाशी आलं. आणि गॉसना परिणाम आधी ठाऊक नव्हता. मला तर ठाऊक होता! मग आणखी शोधलं, तर कळलं की आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून खडकाळ प्रवाळांना पहिल्या अनुसूचीत घेतलं आहे. म्हणजे आपल्या टिपेश्वरचा वाघ आणि समुद्रातला प्रवाळ एकाच यादीत आहेत. वाघाचं पिल्लू कुरियरने मागवायची कोणाची हिंमत होईल का? मग प्रवाळाचा तुकडा मी कसा मागवत होते? महाराष्ट्रालाही प्रवाळ आहेत, मालवणजवळ आहेत आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँकेवर आहेत. ते तिथेच राहू देत.

सकाळी दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. आता आमच्या पेटीत पुन्हा दोन क्लाउनफिश आहेत, हॅचरीत जन्मलेले. आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी क्लाउनफिशची पैदास करायचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज उरलेली नाही. लाइट गेली तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर आपोआप चालू होणारा हवेचा पंप मी आणि माझ्या लॅब पार्टनरने बनवला आहे. रिले, डायोड आणि भंगारातली बॅटरी. सेमिस्टर प्रोजेक्ट म्हणून मांडलाही. आई आता रात्री झोपण्याआधी बॅटरीचा दिवा हिरवा आहे ना हे बघते, पण ते मला माहीत नाही असं तिला वाटतं.

पेटीत प्रवाळ नाही. मधली जागा मोकळीच दिसते आणि घरी येणारे विचारतात की इथे काही ठेवायचं राहिलं का. मी म्हणते, नाही, ते मुद्दाम रिकामं ठेवलं आहे. पेटीच्या शेजारी मात्र राजूरहून आणलेला चुनखडीचा एक दगड मी ठेवला आहे. मासे काचेशी आले की दगडाच्या बाजूला दिसतात. तेवढं मला पुरतं.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन